बाकावरून वेस्ट्रीपर्यंत : एपिस्कोपल मंडळीत जबाबदारी कशी घ्यावी

अमेरिकेत आल्यावर पहिली दोन वर्षं मी एपिस्कोपल, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या (अँग्लिकन) परंपरेतल्या, चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसून काढली. उपासना परकी नव्हती. प्रार्थनापुस्तक त्याच वळणाचं, प्रभुभोजनाचा (भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या विधीचा) क्रम ओळखीचा, बिशप आणि डायसिस (बिशपांच्या हाताखालचा प्रांत) हे शब्द तर लहानपणापासून कानावरचे. मी नगर जिल्ह्यातल्या, चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या मंडळीत वाढले. १९७० साली नागपुरात स्थापन झालेलं हे चर्च अँग्लिकन कुटुंबातलंच, त्यामुळे एपिस्कोपल चर्चशी त्याची पूर्ण सहभागिता आहे, म्हणजे दोघं एकमेकांचे संस्कार मान्य करतात. तरी मनात एक गाठ होती: घर त्यांचं, आपण पाहुणे. पाहुण्याने परस्पर स्वयंपाकघरात शिरू नये.

ती गाठ सोडवली प्रार्थनापुस्तकानेच. १९७९च्या पुस्तकात शेवटी प्रश्नोत्तरं आहेत. त्यात प्रश्न येतो, मंडळीचे सेवक कोण? उत्तरात चौघांची नावं आहेत: सामान्य सभासद (दीक्षा न घेतलेला), बिशप, प्रीस्ट (पाळक) आणि डीकन (सेवेची दीक्षा घेतलेला). सामान्य सभासद पहिला. पुढे त्याचं काम सांगताना उपासनेबरोबर कारभारातही आपली जागा घ्यावी असं स्पष्ट लिहिलं आहे. म्हणजे वाचन करणं, प्याला देणं, हिशेब पाहणं ही पाळकांना केलेली मदत नाही. बाप्तिस्म्याबरोबर आलेलं ते आपलं स्वतःचं काम आहे. आणि स्वतःचं म्हटलं की ते शिकून घ्यावं लागतं, त्याला मुदत असावी लागते, आणि एक दिवस ते दुसऱ्याच्या हाती नीट सोपवावं लागतं. हा लेख त्या वाटेचा आहे: बाकावरून वेस्ट्रीपर्यंत, म्हणजे मंडळीच्या कारभारी मंडळापर्यंत. मुख्यतः तो भारतातून इथे अमेरिकेत आलेल्यांसाठी लिहिते आहे, पण गावाकडच्या पास्टरेट कमिटीतल्यांनाही (मंडळीचा कारभार पाहणाऱ्यांनाही) काही गोष्टी कामी येतील.

आधी कागद

उत्साहाच्या भरात हात वर करण्याआधी वहीत नाव आहे ना ते पाहा. रोज येणारा माणूस आणि नोंद असलेला सभासद यात इथे फरक करतात, आणि निवडणुकीच्या वेळी तो आडवा येतो. गावच्या मंडळीकडून बाप्तिस्म्याचा आणि दृढीकरणाचा (कन्फर्मेशनचा) दाखला मागवा. दाखला मराठीत असेल तर सोबत इंग्रजी भाषांतर जोडा. दृढीकरणाची तारीख आणि बिशपांचं नाव त्यावर असलंच पाहिजे. पाण्याने, त्रैक्याच्या नावाने झालेला बाप्तिस्मा इथे मान्य असतो. तो पुन्हा कोणी करत नाही. बिशपांच्या हातून दृढीकरण झालं असेल तर तेही सहसा पुन्हा करावं लागत नाही. रोमन कॅथलिक किंवा मेथडिस्ट घरातून आला असाल तर रेक्टरला, म्हणजे मंडळीच्या मुख्य पाळकांना, विचारा, तिथे थोडी वेगळी पद्धत आहे.

चर्चच्या कायद्याच्या भाषेत तीन शब्द येतात. वर्षात निदान तीन वेळा प्रभुभोजन घेतलेला तो कम्युनिकंट. सोळा वर्षं पूर्ण झाली की प्रौढ. आणि वर्षभर उपासनेला नियमित येणारा, काम, प्रार्थना आणि दान यांत विश्वासू राहिलेला, त्याला म्हणतात 'गुड स्टँडिंग'मधला. आजारपणासारखं योग्य कारण असेल तर गैरहजेरी धरत नाहीत.

दानाबद्दल एक सांगते, कारण आपली माणसं इथे गोंधळतात. आपण थैलीत नोट टाकतो आणि मोकळे होतो. इथे शरद ऋतूत एक कार्ड येतं: पुढच्या वर्षी मी इतकं देईन. त्याला प्लेज म्हणतात, आणि त्या कार्डांच्या बेरजेवर पुढच्या वर्षाचं अंदाजपत्रक उभं राहतं. रक्कम लहान असली तरी चालेल, पण लिहून द्या. ज्याला पुढे अंदाजपत्रकावर मत द्यायचं आहे, त्याने त्यात आपला वाटा आधी घातलेला बरा.

रेक्टरशी बोलणं

कॉफीच्या वेळी घाईत विषय काढू नका. अर्ध्या तासाची वेळ मागून घ्या. आपल्याकडे पाळकसाहेबांपुढे आपण जरा अवघडून बसतो. इथे बहुतेक जण नावानेच हाक मारायला सांगतात, काही चर्चमध्ये फादर किंवा मदर म्हणतात. मला नुसतं नाव घेणं आजही जमत नाही, आणि त्याने काही बिघडत नाही. बोलताना मात्र स्पष्ट राहा. 'काहीही काम द्या' असं म्हटलं की जे कोणाला नको आहे ते तुमच्या गळ्यात पडतं. त्यापेक्षा विचारा: या कामाला महिन्याला किती तास लागतात? शिकवणार कोण? आत्ता ते कोण करतं, आणि त्यांना मी हवी आहे का? मुदत किती?

आणि एक गोष्ट पहिल्याच भेटीत सांगून टाका: भारतात कधी जाणार. आपली तिकिटं बहुधा डिसेंबरची असतात. नेमके तेव्हाच आगमनकाळ (नाताळाआधीचे चार आठवडे) आणि नाताळ, म्हणजे वेदी सजवणाऱ्यांपासून वाचकांपर्यंत सगळ्यांची ओढाताण. ऑगस्टमध्ये सांगितलं तर कोणी नाराज होत नाही. डिसेंबरच्या पहिल्या रविवारी सांगितलं तर होतात, आणि त्यांचं बरोबर असतं.

मुलांच्या सुरक्षिततेचं प्रशिक्षण

याला इथे सेफ चर्च म्हणतात. मुलांसोबत किंवा एकट्यादुकट्या आजारी माणसांसोबत काम करणाऱ्यांना ते करावंच लागतं, आणि बऱ्याच डायसिसमध्ये वेस्ट्रीच्या सभासदांनाही. बराचसा भाग ऑनलाइन असतो, शिवाय पार्श्वभूमीची तपासणी होते. कोणी सांगायच्या आधीच करून टाका.

यात आपल्या सवयी आड येतात. दुसऱ्याच्या मुलाचा गालगुच्चा घेणं, उचलून कडेवर घेणं, हातात लाडू ठेवणं, 'चल, मी सोडते घरी' म्हणून गाडीत बसवणं, हे आपल्याला मायेचं वाटतं. इथे रविवारच्या शाळेत एका मुलासोबत एकटा प्रौढ कधीही नसतो. दोन मोठी माणसं, आणि तीही एका घरातली नसली तर उत्तम. दाराला काच असते किंवा दार उघडं ठेवतात. खाऊच्या आधी ॲलर्जी विचारतात. मला पहिल्यांदा हा अविश्वास वाटला होता. आज वाटतं, हा नियम आपल्या गावच्या मंडळीत माझ्या लहानपणी असता तर किती बरं झालं असतं.

परवान्याशिवायची कामं, आणि त्यातलं वाचन

दारात स्वागत करणं, वेदीची सेवा करणारा आल्टर गिल्ड, गायनवृंद, रविवारची शाळा, उपासनेनंतरचा चहा-कॉफी, मध्यस्थीच्या प्रार्थना: यांना बिशपांचा परवाना लागत नाही. सुरुवात इथूनच करावी. आल्टर गिल्ड हे माणसं ओळखण्याचं सर्वांत चांगलं ठिकाण आहे. शनिवारी सकाळी चांदी पुसता पुसता चर्चचा चाळीस वर्षांचा इतिहास ऐकायला मिळतो. प्याल्याचे रुमाल आधी वेगळे खळबळायचे, उरलेला अर्पित द्राक्षारस प्यायचा किंवा थेट मातीत ओतायचा, मोरीत नाही, हे सगळं तिथे हाताला वळण लागून समजतं.

वाचनावर मी थोडी जास्त रेंगाळणार आहे, कारण आपल्यापैकी बहुतेकांची पहिली पायरी तीच असते आणि भीतीही तिथलीच. भीती उच्चारांची. तर पहिली गोष्ट, अमेरिकन उच्चार काढायला जाऊ नका. तो नीट येत नाही आणि मजकूर त्यात हरवतो. दुसरी, आपली हेल काढून वाचायची सवय सोडा. गावाकडे भजनाच्या वळणाने वाचलेला उतारा गोड लागतो, इंग्रजीत तो समजेनासा होतो. धडे तीन वर्षांच्या ठरलेल्या चक्रातून येतात, त्यामुळे तुमचा उतारा कोणता हे कित्येक आठवडे आधी कळतं. गुरुवारी मोठ्याने वाचा, शनिवारी पुन्हा. बायबलमधल्या नहेम्या आणि प्रेषितांची कृत्ये या पुस्तकांतली नावं आधी कोणाकडून तरी वदवून घ्या. मायक्रोफोन हनुवटीच्या खाली येईल असा धरा. 'हे प्रभूचं वचन' असं म्हणण्याआधी एक श्वास थांबा. तुम्ही जुन्या करारातला धडा किंवा पत्रातला उतारा वाचाल. प्रभुभोजनाच्या उपासनेत शुभवर्तमान (येशूच्या जीवनाचा उतारा) डीकन किंवा प्रीस्टच वाचतात, तेव्हा यादीत तुमचं नाव तिथे नसलं तर मनाला लावून घेऊ नका.

माझं वाचन सुरू होऊन सहाएक महिने झाले असतील. कानाला यंत्र लावणाऱ्या एक वयस्कर बाई मला थांबवून म्हणाल्या, तुझा शब्दन् शब्द ऐकू येतो, कारण तू घाई करत नाहीस. मी सावकाश वाचत होते ती भीतीपोटी. तेव्हापासून मुद्दाम सावकाश वाचते.

परवान्याची कामं

प्याला देणारे युखरिस्टिक मिनिस्टर, घरी प्रभुभोजन नेणारे युखरिस्टिक व्हिजिटर, उपासना चालवणारे वर्शिप लीडर, प्रवचन देणारे प्रीचर, शिकवणारे कॅटेकिस्ट, शिवाय सुवार्ता सांगणारे इव्हँजेलिस्ट आणि मंडळीची देखभाल करणारे पास्टोरल लीडर. ही सात कामं बिशपांच्या परवान्याने होतात. आपण अर्ज करायचा नसतो. रेक्टर आपलं नाव पाठवतात, डायसिसचं प्रशिक्षण होतं, मग ठराविक मुदतीचा परवाना मिळतो. मुदत संपली की नूतनीकरण. दुसऱ्या गावी राहायला गेलात तर तो परवाना बरोबर येत नाही, नव्या ठिकाणी पुन्हा मागावा लागतो.

या कागदाचं मोल समजायचं तर फिलाडेल्फियाची एक गोष्ट सांगायला हवी. गुलामीतून सुटलेले ॲबसलम जोन्स आणि त्यांच्यासोबतच्या कृष्णवर्णीयांनी १७९४ मध्ये आपलं सेंट थॉमस चर्च एपिस्कोपल चर्चला जोडलं, पण तीन अटींवर: आमची मंडळी अख्खी स्वीकारा, आमचा कारभार आमच्या हाती ठेवा, आणि जोन्स यांना ले रीडरचा (उपासना चालवणाऱ्या सामान्य सभासदाचा) परवाना द्या, पात्र ठरले तर पुढे दीक्षाही द्या. १७९५ मध्ये ते डीकन झाले. पहिली मागणी दीक्षेची नव्हती. आधी सामान्य सभासद म्हणून आपल्या माणसांपुढे उभं राहून उपासना चालवण्याचा हक्क, आणि कारभाराचा हक्क.

प्याल्याची सेवा दिसते सोपी. प्याला दोन्ही हातांनी धरा, पण घेणाऱ्याला प्याल्याच्या बुडाला हात लावू द्या. किती तिरका करायचा ते तोच ठरवतो. प्रत्येकानंतर रुमालाने कड आतून-बाहेरून पुसा आणि प्याला थोडा फिरवा. कोणी भाकर बुडवून घेतं, कोणी हात छातीवर फुलीसारखे ठेवून नको म्हणतं. कोणालाही कारण विचारायचं नाही. लाल लिपस्टिक, थरथरते हात, रांगेत गुडघे टेकलेलं लहान मूल, या सगळ्याची सवय चार रविवारांत होते.

घरी प्रभुभोजन नेण्याची सेवा मात्र आपल्याला नव्याने शिकावी लागते. आपल्याकडे आजाऱ्याला भेटायला दहा जण जातात, गाणी होतात, घरची सून चहा टाकते. इथे एक किंवा दोघं जातात, उपासना संपल्यावर लगेच, त्याच दिवशी, आणि आधी फोन करून. वीस मिनिटांत निघायचं. औषधांवर सल्ला द्यायचा नाही. तिथे जे ऐकलं ते तिथेच ठेवायचं. प्रार्थनेच्या यादीत नाव घालायचं असेल तरी आधी त्या माणसाची परवानगी घ्यायची. 'सगळ्यांना कळलं तर सगळे प्रार्थना करतील' हा आपला युक्तिवाद इथे चालत नाही, आणि चालू नये.

अभ्यासाची ओढ असेल तर टेनेसीतल्या सेवानीच्या विद्यापीठात १९७५ मध्ये सुरू झालेला 'एज्युकेशन फॉर मिनिस्ट्री' हा चार वर्षांचा गट-अभ्यास चौकशी करण्यासारखा आहे. तो सामान्य सभासदांसाठीच आखला आहे.

वेस्ट्री

वेस्ट्री म्हणजे मंडळीचं निवडून आलेलं कारभारी मंडळ. मालमत्तेच्या आणि पाळकांशी असलेल्या संबंधांच्या बाबतीत तीच चर्चची कायदेशीर प्रतिनिधी असते. ती इतकी बळकट का, याचं उत्तर इतिहासात आहे. इंग्रजांच्या वसाहतीत बिशप नव्हताच; अमेरिकेसाठी पहिला बिशप, सॅम्युएल सीबरी, यांना १७८४ मध्ये दीक्षा मिळाली. तोवर दीडशेहून अधिक वर्षं गावची वेस्ट्रीच पैसा, इमारत आणि पाळक सांभाळत होती. जॉर्ज वॉशिंग्टन १७६२ मध्ये व्हर्जिनियात ट्रूरो पॅरिशच्या (मंडळीच्या) वेस्ट्रीवर निवडून आले होते.

निवडणूक वार्षिक सभेत होते, बहुधा जानेवारीत. बऱ्याच ठिकाणी मुदत तीन वर्षांची असते आणि दरवर्षी एक तृतीयांश सभासद बदलतात. नाव देण्याआधी तीन गोष्टी मागून वाचा: उपविधी, चालू अंदाजपत्रक, आणि गेल्या वर्षभराची इतिवृत्तं. इतिवृत्तात एकच विषय सात महिने 'पुढील सभेत' ढकललेला दिसला, तर खरं दुखणं तिथे आहे असं समजा.

कोणाची हद्द कुठवर हे नीट कळलं की निम्मी भांडणं टळतात. उपासना कशी चालवायची, गीतं कोणती, इमारतीत काय होऊ द्यायचं, हा अधिकार रेक्टरचा. पैसा आणि मालमत्ता वेस्ट्रीची. वेस्ट्रीच्या दोन पदाधिकाऱ्यांपैकी सीनियर वॉर्डन रेक्टरचा विश्वासू सल्लागार, ज्युनियर वॉर्डनकडे बहुतेक ठिकाणी इमारत. वेस्ट्री रेक्टरला निवडते, पण बिशपांना बाजूला ठेवून काढू शकत नाही. रेक्टरही वेस्ट्रीच्या संमतीशिवाय राजीनामा देऊन निघून जाऊ शकत नाही. जागा विकायची किंवा गहाण ठेवायची तर बिशप आणि डायसिसची स्टँडिंग कमिटी (बिशपांना सल्ला देणारी निवडलेली समिती), दोघांची लेखी संमती लागते. मंडळ्यांच्या जमिनी परस्पर गेल्याच्या गोष्टी ऐकत मोठ्या झालेल्या माझ्यासारखीला हा नियम पहिल्यांदा वाचताना हायसं वाटलं होतं.

हिशेबात काय पाहायचं? दरवर्षी लेखापरीक्षण होतं का, आणि त्याचा अहवाल १ सप्टेंबरच्या आत बिशपांकडे जातो का. मंडळीची आकडेवारी देणारा वार्षिक पॅरोकियल रिपोर्ट वेस्ट्रीने पाहून मंजूर केला का. तो १ मार्चपर्यंत द्यायचा असतो. विशिष्ट कामासाठी दिलेला पैसा, समजा छपरासाठीचा, वीजबिलात तर जात नाही ना. दानाची रोकड नेहमी दोघांनी मोजायची, आणि ते दोघे नातलग नसावेत. पाळकांच्या घरभत्त्याचा ठराव नवं वर्ष सुरू होण्याआधी व्हायला हवा. उशीर झाला तर तितक्या काळाची करसवलत पाळकांच्या हातून जाते, म्हणून डिसेंबरच्या सभेच्या विषयपत्रिकेत तो आहे का ते बघा. हिशेब कळला नाही तर तिथेच विचारा. माझा अनुभव असा की विचारल्यावर आणखी दोन-तीन जण मान डोलावतात, त्यांनाही कळलेलं नसतं.

दोन गोष्टी मात्र कटाक्षाने टाळा. एक, 'काही लोक म्हणतात' असं म्हणून निनावी तक्रार सभेत आणणं. तक्रार करणाऱ्याला सांगा: चल, आपण दोघं जाऊन बोलू, येणार नसशील तर मीही नेणार नाही. दोन, सभा संपल्यावर गाड्यांजवळ उभं राहून भरवलेली दुसरी सभा. आपल्या गावच्या पारावर जे होतं तेच इथे पार्किंगमध्ये होतं, आणि मंडळी तेवढ्यानेच दुभंगते. तुमच्या मेहुण्याची रंगकामाची कंपनी असेल आणि चर्चला रंग द्यायचा असेल, तर आधी सांगा आणि मतदानाच्या वेळी खोलीबाहेर जा.

रेक्टर सोडून जातात तेव्हा

सामान्य सभासदांची खरी परीक्षा हीच. शोध समिती, मंडळीचा परिचय लिहिणं, मुलाखती, यात सहज वर्ष जातं. या काळात रविवारी प्रीस्ट मिळेलच असं नाही. लहान मंडळ्यांत तर पूर्णवेळ पाळक नसणं ही आता नेहमीची गोष्ट आहे. अशा वेळी सकाळची प्रार्थना सामान्य सभासद चालवू शकतात, प्रार्थनापुस्तकात त्याची पूर्ण सोय आहे. म्हणून सगळं सुरळीत असतानाच दोन-तीन जणांनी वर्शिप लीडरचं प्रशिक्षण घेऊन ठेवावं. आणि नव्या माणसाच्या शोधात 'आधीच्यांसारखाच हवा' किंवा 'आधीच्यांसारखा नको' या दोन्ही वाक्यांना आवर घालावा.

मंडळीच्या पलीकडेही जागा आहेत: डायसिसच्या अधिवेशनाचे प्रतिनिधी, स्टँडिंग कमिटी, आणि दर तीन वर्षांनी भरणारं, सगळ्या एपिस्कोपल चर्चचं जनरल कन्व्हेन्शन. तिथे हाऊस ऑफ डेप्युटीजमध्ये प्रत्येक डायसिसचे चार दीक्षित आणि चार सामान्य सभासद बसतात. स्त्रियांना त्या सभागृहात बसायला १९७० साल उजाडावं लागलं. हे वाचलं तेव्हा मला पंडिता रमाबाई आठवल्या. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेजला बाप्तिस्मा घेतल्यावर धर्मगुरूंचं सांगणं त्यांनी मुकाट मान्य केलं नाही, आपल्या बुद्धीने तपासून पाहिलं. त्यांना दीक्षा कधीच नव्हती. आज एपिस्कोपल चर्चच्या दिनदर्शिकेत ५ एप्रिल हा त्यांच्या स्मरणाचा दिवस आहे. आमच्या चर्चमध्ये त्या आठवड्यात त्यांच्याविषयी बोलायचं काम मी मागून घेतलं.

सोडायचं कसं

एका वेळी एकच मोठं काम घ्या. वेस्ट्रीत असाल तर त्या तीन वर्षांत रविवारच्या शाळेची मुख्य जबाबदारी नको. घरातल्यांना आधी विचारा. संध्याकाळच्या सभा त्यांच्याही वेळेतून जातात. मुदत संपायच्या एक वर्ष आधी आपल्या जागी येऊ शकेल असं माणूस हेरा आणि त्याला सोबत घेऊन काम करा. नव्या माणसाने वेगळ्या पद्धतीने केलं तर पहिले सहा महिने तोंड उघडायचं नाही, विचारलं तरच सांगायचं.

जाताना एक वही लिहून द्या. कोणती किल्ली कोणत्या कपाटाची. मेणबत्त्या कुठून मागवतो आणि किती आधी. तळघरातली भट्टी बंद पडली तर कोणता नळ फिरवायचा. रविवारच्या शाळेत शेंगदाण्याची ॲलर्जी कोणाला. तिसऱ्या बाकावरच्या आजोबांना वेदीपर्यंत येववत नाही, भाकर आणि प्याला त्यांच्या जागेवर न्यायचा. मी माझी वही दिली तेव्हा किल्ल्यांचा जुडगा तिच्यावरच ठेवला होता.